नाईकनवरे साहेबांची तांबडी वाइन

नाईकनवरे साहेब रोज सकाळी स्वयंपाकघरात शिरले की आम्हाला ओळीत उभं करून आमच्या हातांचा वास घ्यायचे. कुणाच्या बोटांना काळ्या मसाल्याचा वास आला की त्याची रवानगी परत नळावर. सोलापुरातल्या स्वयंपाक्याच्या हाताला काळ्या मसाल्याचा वास येणार नाही तर कशाचा येणार? पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

मूळचे सांगोल्याचे. फ्रान्सच्या दक्षिणेला एका हॉटेलात वीस वर्षं स्वयंपाक करून परतले आणि विजापूर रोडवर त्यांनी स्वतःचं हॉटेल काढलं. तिकडच्या कोर्बिएर नावाच्या डोंगराळ भागातली गडद तांबडी वाइन ते मागवत आणि तिला शोभेल तेच आमच्याकडून रांधून घेत. लसूण घालून मंद आचेवर शिजवलेलं मटण, पांढऱ्या घेवड्याची दाट उसळ, भाजलेली वांगी. मिरचीला बंदी. "तिखट पडलं की वाइन मेली, बाई. मग बसा मढ्याचा वास घेत!" एरवी पुस्तकी बोलत, रागावले की सांगोला जिभेवर यायचं.

एकदा आईनं दिलेली शेंगाची चटणी मी दुपारच्या जेवणात सगळ्यांना वाढत होते. साहेबांनी डबा उचलला आणि कचऱ्यात उलटा केला. "जीभ भाजून घ्यायची आसंल तर घरी." आईनं ती उखळात कुटली होती. संध्याकाळी तिनं विचारलं, "आवडली का गं सगळ्यांना?" मी हो म्हटलं.

तरी त्यांनी शिकवलं, हे नाकारता येत नाही. मटणाचा घास, त्यावर वाइनचा घोट. वाइनचा तुरटपणा चरबीत कसा विरतो ते त्यांनीच मला ओळखायला लावलं. चुकले की "म्हशीची जीभ" म्हणत. पुढे मी चुकेनाशी झाले, तेव्हा मात्र काहीच म्हणाले नाहीत.

मग ते तापानं पडले. बरे होऊन आले, पण हात हुंगणं बंद झालं. चौथ्या दिवशी मला कोठीत बोलावून दार लोटलं. "बाई, मला वास येत न्हाय. कशाचाच. कुटं बोलू नका." तेव्हापासून बाटली उघडली की आधी मी हुंगायची आणि चांगली असली की होकारार्थी मान हलवायची.

त्या हिवाळ्यात त्यांचे फ्रान्समधले जुने मालक सोलापूरला आले. ज्यांच्या हाताखाली साहेब शिकले, तेच. रविवारी दुपारचं जेवण, मटण माझ्या हातचं. साहेबांनी जपून ठेवलेली बाटली उघडली, पेला माझ्यापुढे धरला. ओल्या पुठ्ठ्याचा वास भपकन आला. वाइन खराब झाली होती. साहेब माझ्याकडे बघत होते. मला कचऱ्यातली चटणी दिसली.

"छान आहे," मी म्हटलं.

त्यांनी ती ओतली, घोट घेतला आणि डोंगरातल्या रानझुडपांचा वास कसा उतरलाय, ते रंगवून सांगू लागले. पाहुण्यांनी पेला नाकाशी नेला, हळूच खाली ठेवला आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांचा चेहरा राखेसारखा झाला.

पाहुणे गेल्यावर ते आत आले. "तुमाला वास आला नव्हता?"

"आला होता."

"हितं आठ मान्सं हायत," ते म्हणाले. "इचारलं फक्त तुमाला. उद्यापास्नं येऊ नका."

मी माफी मागितली नाही. चटणीची त्यांनी कुठे मागितली होती? वर्षभरात हॉटेल बंद झालं, ते सांगोल्याला गेले. आता माझी स्वतःची खाणावळ आहे आणि तिथे तिखट भरपूर असतं. तो माणूस मला आजही आवडत नाही. पण कुणी चव बघायला चमचा पुढे केला, की समोर कोणीही असो, मला खोटं बोलवत नाही.