जनरलच्या गालातला साखरेचा खडा

ती घटना आठवली की मला आधी धुकं दिसतं आणि मग चित्रं. तेव्हा मी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पोलिसात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. चोरीची तक्रार आली म्हणून सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये शिरलो. खिडक्यांना पांढरं धुकं टेकलं होतं आणि भिंतींवरच्या चित्रांत बडे अधिकारी तरंगत होते. एक न्यायाधीश माशांच्या टाकीत बसून निकाल वाचत होते, एक मंत्री पतंगाच्या शेपटीला लोंबकळत होते. चित्रकार इराणी बाई होत्या. अशाच चित्रांपायी त्यांना देश सोडावा लागला होता.

एक जागा रिकामी होती. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही, म्हणून बाई सांगतील तसं लिहिलं: जनरल एक, झोपाळा एक, ढग बरेच. मग बाईंनी गेलेल्या चित्राचा फोटो फोनवर दाखवला. छातीभर पदकं, भलीमोठी टोपी, एक गाल फुगलेला.

बाईंना धमक्या येत असत, त्यामुळे आमचा संशय आधी धमक्या देणाऱ्यांवर गेला. दुपारी हॉलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या नागपूरच्या वहिनींचा फोन आला. "अहो साहेब, माझं नाव घेऊ नका हं. शेजारचे बेकरीवाले काका काल चादरीत गुंडाळून काहीतरी मोठं नेत होते. मला वाटलं, टेबल असेल."

हे काकाही इराणीच. चित्रकार बाई त्यांच्याच दुकानावरच्या खोलीत राहत. बोलावताच ते पोलीस स्टेशनवर आले. शेजारी त्यांचे वकील, समोर दुभाषा, रेकॉर्डिंग सुरू. हक्क वाचून दाखवले, प्रश्न विचारले. काकांनी तोंड उघडलं नाही. अशा वेळी मी रेकॉर्डिंग थांबवतो आणि चहा मागवतो. गप्प माणसाचे हात बोलतात.

त्यांनी खिशातून साखरेचा खडा काढला, दातांत धरला, गालात सरकवला आणि त्यावरून चहा ओढला. गाल फुगला. मी मनातल्या मनात त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. समोर जनरल बसला होता.

रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. "त्या चित्रातला चेहरा तुमचा आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "तिने मला विचारलं नाही. शनिवारी प्रदर्शनाचं उद्घाटन, मग फोटो सगळीकडे जाणार. माझी आई, बहीण अजून इराणमध्येच आहेत. तिथले अधिकारी हसणार नाहीत साहेब, चेहरा कोणाचा ते शोधतील आणि आईचं दार ठोठावतील."

चित्र मैद्याच्या पोत्यांमागे सुखरूप होतं. बाईंना सगळं सांगितलं. रोज सकाळी गरम नान देणाऱ्या माणसाला आपण केवढ्या धोक्यात घातलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी तक्रार मागे घेतली, मी तसा अहवाल दिला. मग त्या म्हणाल्या, "पण जनरलला तोंड तर हवं."

"माझं घ्या," मी म्हणालो.

शनिवारी आमचं अख्खं स्टेशन त्या चित्रापुढे हसत होतं. बायको म्हणाली, "अहो, नाक अगदी तुमचंच." काका नानची टोपली घेऊन आले आणि सर्वांत उशिरापर्यंत हसले.

मी अधिकारी होतो. लोक माझ्यावर पोटभर हसले, आणि पुण्यात माझ्या आईचं दार कोणी ठोठावलं नाही. इतकी वर्षं पोलीस म्हणून आपण नेमकं काय राखत होतो, ते मला चित्रातल्या त्या झोपाळ्यावर, ढगांत बसल्यावर कळलं.