दोन बोटं उंच

काल हे नातीच्या सायकलला ग्रीस लावत होते. त्या वासासरशी मी तीसेक वर्षांपूर्वीच्या पन्हाळ्याच्या घाटात पोचले.

लग्नाला वर्षच झालं होतं. मोटारसायकलचं मागचं चाक वाकलं, म्हणून ह्यांनी भंगारातून दुसऱ्याच मॉडेलचं आणून, वायसर घालून बसवलं. ते थोडं मोठं होतं. गाडी मागून दोन बोटं उचलली गेली.

"पडू की वो!" मी म्हटलं.

"बस की. काय हुत न्हाय."

एका अंगाला बसून मान वळवली, तर एरवी ह्यांची पाठच दिसायची. त्या दिवशी मात्र खांद्यावरून पहिल्यांदाच पुढची वळणं दिसली, कोवळ्या उन्हात तरंगत येणारी.

पुढं मूळ मॉडेलचं चाक मिळालं. मी बदलू दिलं नाही. बायको काटकसरी आहे, असं हे अजून सगळ्यांना कौतुकानं सांगतात.