पियूचा रिझ्युमे आणि आख्खी गल्ली

पोरगी इंजिनियर झाली की तिचा रिझ्युमे तिचा एकटीचा राहत नाही. आमच्या परभणीत तर नाहीच! शेजारच्या पियूचंच बघा. कम्प्युटर शिकून वर्षभर घरी. तिचे पप्पा म्हणाले, "दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर स्थळं बघायची." तेव्हापासून मी रोज त्यांच्याकडं. मग किस्से साचणारच की!

*

आधी पप्पांनी कागद वाचला. "पोखर्णीची पाच एकर बागायत कुठंय यात? अन् मामा झरीला मास्तर हायेत, तेबी लिव्ह."

"पप्पा, नोकरी करायला जायचंय, नांदायला न्हाई!"

*

पुण्याच्या चुलतभावानं फोनवर सांगितलं, एकच पान ठेव. आईला लय लागलं. "इतकी वर्षं शिकलीस अन् एका पानात आटपायलीस? रांगोळीचं बक्षीस मागच्या बाजूला तरी लिही!"

"आई, हे ईमेलनं जातंय. याला मागची बाजू नसते!"

*

टायपिंगवाल्याकडं मीही सोबत गेले. त्याच्याकडच्या सगळ्या पोरांच्या रिझ्युमेत पहिलं वाक्य एकच! म्हटलं, "अरे, ह्या वाक्यानं कुणाला नोकरी लागली का?"

"लागली की काकू. मला! दिवसभर तेच छापायलोय."

पियूनं मग घरी बसून स्वतःच लिहिला.

*

कम्प्युटरच्या नऊ भाषा लिहिल्या आणि सहा खोडल्या. माझा जीव तुटला.

"काकू, लिहिलं की मुलाखतीत तेच विचारतात."

"म्हणजे पाहुण्यांना पुरणपोळी येते म्हणून सांगायचं, अन् त्यांनी तिथंच पुरण वाटायला बसवायचं!"

"हां! तसंच!"

*

शेवटी एका कंपनीनं लॅपटॉपवर मुलाखत लावली. बसली आमच्या घरी, कारण वायफाय आमच्याकडं. मी मागं शेंगा सोलत.

नळाला पाणी सुटलं की गल्लीत सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज येतो, असं एक ॲप पियूनं केलंय. रिझ्युमेत तेच सगळ्यात वर. साहेबांनी विचारलं, "हे खरंच कुणी वापरतं का?"

पियूनं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "मी वापरते की! पण गेल्या आठवड्यात पाणी येऊन गेलं, मेसेज न्हाई. लय बोलले मी हिला."

पियूचा चेहरा उतरला. साहेब पुढं सरकले. "मग?"

"मग काय! त्याच दिवशी हिनं दुरुस्त केलं. घरोघरी जाऊन सांगितलं, चूक माझीच होती म्हणून. अन् माझ्याकडं दोन हंडे पाणी आणून ओतलं."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही थोडं आत जाता का? पगाराचं बोलायचंय."