खिशातले खडे

२५ जून. दळणासाठी गहू निवडत ओट्यावर बसले होते. उद्या मोहरमचा ताबूत उठणार. दरवर्षी त्याला आमच्या आळीतल्या हिंदू पोरांचा खांदा असतो. यंदा मोबाइलवरच्या एका खोट्या मेसेजवरून पोरांनी नकार दिला होता, आणि त्यांचा म्होरक्या माझाच मुलगा.

तेवढ्यात मिरजेच्या एका मशिदीच्या संस्थेतली, सलोख्यासाठी गावोगाव फिरणारी तरुण मंडळी आली. त्यातली हिरव्या ओढणीची एक मुलगी न विचारताच माझ्या सुपापाशी बसून गहू निवडू लागली. बोलणं भरभर, हात त्याहून भरभर. सापडलेला प्रत्येक खडा मात्र ती कुडत्याच्या खिशात टाकी.

“फेक की रस्त्यावर,” मी म्हटलं.

“नको काकू. आज गल्लीत एकही दगड नको.”

मला हसूच फुटलं. मुलगा दारात आला, तशी ती म्हणाली, “दादा, तुम्ही येणार नसाल तर ताबूत कसा उचलायचा ते तरी दाखवा. आम्ही पोरी उचलतो.”

“तुमी? आवं ताई, वेशीपतूर बी न्हाई जायचा!”

“मग चला बरोबर. चुकलं तर ओरडायला.”

तो तरातरा आत गेला. फोनवर त्याचा आवाज घरभर घुमला, “गड्या, सकाळी समद्यांना घिऊन ये रं! ह्या पोरी ताबूत पाडत्यात!”

भाषण ऐकायची मी तयारी ठेवली होती. तिनं ते दिलंच नाही. नाव विचारायचंही राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याच्या दोन जाड घड्या शिवल्या. एक मुलाच्या खांद्यावर ठेवली आणि दुसरी तिच्यासाठी घेऊन त्याच्या मागोमाग निघाले.