अन्वी ब्रिस्टलला गेली नाही

"तुम्हाला गिलेन-बारे सिंड्रोम झालाय," असं कन्सल्टंट डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मी माझ्या नवऱ्याकडे, हेमंतकडे नाही, अन्वीकडे पाहिलं. आमची लेक, इथल्या इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आपल्या अकरावीत शिकणारी, मेडिकलला जायचं म्हणून झपाटलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

जीबीएस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. सुरुवात किरकोळ होती. पोट बिघडलं, बरं झालं, आणि नंतर तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. मला वाटलं, बूट घट्ट झाले असतील. मग बसमध्ये चढताना गुडघा लटपटला. एका सकाळी केसांना क्लिप लावायला हात वर जाईना. जीपीने, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून थेट हॉस्पिटलच्या ए अँड ईला, तातडीच्या विभागात पाठवलं. तिथे लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढतात. ते सहन होतं. वाट बघणं सहन होत नाही.

तुमच्या कुणावर ही वेळ आली तर एक सांगते, पाय गेल्याची भीती पहिल्यांदा वाटते, पण डॉक्टरांना काळजी असते ती श्वासाची. नर्स दर थोड्या वेळाने एक नळी तोंडात देऊन जोरात फुंकायला सांगायची. व्हायटल कपॅसिटी म्हणतात त्याला, फुप्फुसांत किती जोर आहे ते कळतं. "आकडा खाली घसरला तर तुम्हाला आयसीयूत हलवू, कदाचित व्हेंटिलेटर लागेल," कन्सल्टंटनी स्पष्ट सांगितलं. त्यावरच्या औषधाची, इम्युनोग्लोब्युलिनची ड्रिप सुरू झाली. आता फक्त फुंकायचं आणि नर्सच्या चेहऱ्याकडे बघायचं.

त्यात अन्वीचं ब्रिस्टल होतं. हेमंतचा मित्र सुहास तिथे हाडांचा सर्जन आहे. मोठ्या खटपटीने त्याने तिच्यासाठी मेडिकलच्या अर्जात दाखवायला एक आठवड्याचं वर्क एक्सपिरियन्स जमवलं होतं, ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या मागे उभं राहून बघायचं. बर्मिंगहॅमला आमच्या घराजवळच्या केअर होममध्येही जागा होती, पण मीच म्हटलं होतं, "म्हाताऱ्यांना चहा देऊन कुणी डॉक्टर होत नाही." आणि सोमवारी तिला निघायचं होतं.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"अगं, असा चान्स परत मिळेल का? बाबा आहे ना इथे."

"आई, तुला नीट बोलायलापण होत नाही."

खरंच, माझा आवाज क्षीण झाला होता. पण भीतीने माणूस काहीही बोलतं. "इथे बसून काय करणार? अर्जात काय लिहिशील, आईजवळ खुर्चीत बसले होते?"

ती पडदा सरकवून बाहेर गेली. मला वाटलं, माझं आजारपण हिचं स्वप्न खाऊन टाकणार.

राउंडवर आलेल्या कन्सल्टंटनी बहुतेक सगळं ऐकलं होतं. मराठी कळत नसलं तरी सूर कळतोच. त्यांनी अन्वीला आत बोलावलं, काय झालं ते विचारून घेतलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हे वर्क एक्सपिरियन्स नाही," त्या तिला म्हणाल्या. "इथे तू मुलगी आहेस, तेवढंच राहा. नंतर अशी जागा शोध, जिथे आजारी माणूस तुझं कुणी नाही. आणि त्याला तुझं नाव पाठ होईपर्यंत टिक. मग ठरव."

"थिएटर?" अन्वीने विचारलं.

"थिएटर छान असतं. पण तिथला पेशंट झोपलेला असतो."

अन्वीने बाहेर जाऊन सुहासकाकाला फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं. त्याच दुपारी माझा आकडा घसरला आणि मला आयसीयूत नेलं. लिफ्टपर्यंत ती ट्रॉलीचा दांडा धरून चालत होती. ब्रिस्टलला जा, असं मी तिला पुन्हा म्हणाले नाही. म्हणायचा धीरच नव्हता.

व्हेंटिलेटर तयार ठेवला होता, पण लागला नाही. आकडा काही काळ तिथेच अडून राहिला, मग कणाकणाने वर आला. फिजिओने मला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी लहान मुलासारखी रडले. त्या नर्सेस, पोर्टर, रात्रंदिवस माझी कूस बदलणारे हात, कुणाकुणाचे आभार मानू?

मी घरी आले, वॉकर घेऊन. अन्वीने उन्हाळाभर त्या केअर होममध्ये जायचं ठरवलं. या वेळी मी अडवलं नाही. तिथे एक आजोबा होते, पार्किन्सन्सचे. पहिले काही दिवस तिच्या हातून घासही घेईनात, तोंड फिरवायचे. मग एकदा त्यांनी तिला नावाने हाक मारली, चुकीच्या उच्चारात, पण मारली. सुट्टी संपत आली तेव्हा ते गेले.

त्या संध्याकाळी ती माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही सगळं सोडणार.

"अजून डॉक्टर व्हायचंय?" मी घाबरतच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण आता मला भीती वाटतो."

"आधी नव्हती वाटत?"

"नाही. आधी फक्त मार्क्सचा वाटायचा."

मी तिचं व्याकरण सुधारलं नाही. तिचा हात हातात घेतला. माझ्या बोटांत आता तेवढी पकड आली होती.