फळ्यांखालची पोकळी

टेपरावांच्या एका खिशात मोजायची टेप असायची आणि दुसऱ्यात आवाज टेप करायचं यंत्र. कुणाच्याही घरी गेले की आधी उंबरा मोजायचे, मग माणसांची ख्यालीखुशाली. स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला गेले, तर सासऱ्यांच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची लिहून आणली आणि मुलीचं नाव विचारायचं राहिलं. लग्न तरीही झालं, आणि चांगलं झालं.

जुनी लाकडी घरं आणि त्या घरांतून वाजणारं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, या दोन गोष्टींपायी त्यांनी तीस वर्षं घालवली. फिडलवाला दर घरात दाराजवळच्या कोपऱ्यातच बसतो आणि नेमकी तिथंच जमिनीच्या फळ्यांखाली हातभर पोकळी असते, हे त्यांनी एकशे बारा घरांत आडवं पडून पाहिलं. कंबरेचा काटा ढिला झाला, पण सिद्धान्त हाती लागला: फिडल घुमावं म्हणूनच जुन्या सुतारांनी ती पोकळी ठेवली. पुस्तकाचा सगळा डोलारा त्यावर उभा. हस्तलिखित सोमवारी छापखान्यात जायचं होतं.

शनिवारी, निव्वळ एक फोटो हवा म्हणून, ते अशी घरं बांधणाऱ्यांतल्या शेवटच्या सुताराकडे गेले. म्हातारा नव्वदीचा, पण कान तिखट.

"बाबा, ती पोकळी तुम्ही मुद्दाम ठेवायचात ना?"

"मुद्दामच. मांजरासाठी."

टेपरावांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. "कशासाठी?"

"उंदीर फळ्यांखाली शिरतात. मांजराला त्यांच्या मागं जायला वाट नको?"

"मग फिडलवाला तिथंच का बसतो?"

"तंबाखू थुंकायला दार जवळ पडतं." म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "आवाजही चांगला लागतो म्हणा तिथं. पण ते आम्हाला नंतर कळलं. आत मांजर बसलेलं असलं तर नाही लागत."

घरी येऊन टेपरावांनी बायकोला सगळं सांगितलं. पुस्तकातलं पोकळीचं प्रकरण तिनंच टाइप केलं होतं, चाळीस पानं.

"अहो, मग राहू द्या तसंच. म्हातारा काही पुस्तक वाचायला येणार नाही."

टेपरावांनी चपला काढून ठेवल्या. मग म्हणाले, "बत्तीस घरांत मला आत मांजर दिसलं होतं गं."

"आणि लिहिलं नाहीत?"

"विषयाबाहेरचं वाटलं."

बायको टाइपरायटरपाशी गेली. तिनं चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, "सांगा."

रविवारी दोघं दिवसभर बसली. चाळीस पानांची सहा झाली. पोकळी मांजरासाठी होती आणि तिचा फायदा फिडलवाल्यांनी घेतला, एवढंच त्यांत उरलं. मोजमापांचा तक्ता होता तसाच राहिला, फक्त शेवटी एक रकाना वाढला, 'मांजर' नावाचा. बत्तीस घरांपुढे 'होतं' असं लिहिलं. उरलेल्या ऐंशी घरांपुढे टेपरावांनी स्वतःच्या हातानं, एकेक करून, 'लक्ष नव्हतं' असं लिहिलं.