बेस्टमधला बुशडान्स

माझ्या मोठ्या मेव्हण्याइतका बेताल माणूस मी जन्मात पाहिलेला नाही, आणि त्याच्याइतक्या माणसांना नाचायला लावणाराही दुसरा कुणी पाहिलेला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, हे मला विचारू नका. बायको त्याला दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणतो, आणि तो मला लग्नाच्या दिवसापासून आजतागायत, चारचौघांत मान वळवून बघावं अशा आवाजात, जावईबापू म्हणतो. आम्ही नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहतो आणि तो आयंडहोवन शहराच्या पलीकडे बेस्ट नावाच्या गावात. त्या नावामुळे मुंबईच्या एका मावशींची अशी पक्की समजूत आहे की दादा परदेशात जाऊन बसच्या डेपोत राहतो. दादानं ती कधी दुरुस्त केली नाही. उलट मावशींचा फोन आला की तो आज कुठली गाडी उशिरा सुटली ते सांगतो.

ऑफिसात दादा चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतो. तिथं केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी चूकसुद्धा त्याला झोपू देत नाही. पण संध्याकाळी घरी येऊन त्यानं आपली कॉन्सर्टिना मांडीवर घेतली की हा हिशेब संपतो. कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांच्या मध्ये धरायची एक लहानशी षट्‌कोनी पेटी. मध्ये आकाशकंदिलासारखा घड्यांचा भाता आणि दोन्ही टोकांना बटणं. तिची गंमत, किंवा वहिनींच्या मते तिचा दोष, असा की तेच बटण भाता दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा. दादाचं दाबणं आणि ओढणं यांत कधी एकमत झालं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणीतरी हौसेनं त्याला म्हणालं, पेटी आणलीच आहेस तर आरतीला साथ दे. त्यानं दिली. त्या वर्षी आरतीची दोन कडवी गाळली गेली आणि एक तीनदा म्हटलं गेलं. प्रसाद वाटताना दादा मला समजावत होता, "जावईबापू, हार्मोनियमला नुसती हवा लागते. हिला श्वास लागतो." श्वास मात्र त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच लागला होता.

हे वेड त्यानं ऑस्ट्रेलियातून आणलं. नेदरलँड्सला येण्याआधी तो तिकडे एका खाणीच्या गावात नोकरीला होता. शहरं संपल्यावर जे मैलोन्‌मैल रान आणि माळ लागतात त्याला तिथले लोक बुश म्हणतात. त्या बुशमध्ये मेंढ्यांची लोकर कापायच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर महिन्याला माणसं जमत, जुनी गाणी म्हणत, धूळ उडेपर्यंत नाचत. एकटा, शाकाहारी आणि कंटाळलेला दादा एकदा तिथं गेला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो अजून तिथून परतलेला नाही. त्या दिवसांचं वर्णन तो दर वेळी थोडं मोठं करून सांगतो. आमच्या लग्नात सांगितलं तेव्हा त्यानं एक मेंढी धरली होती. माझ्या मुलीच्या बारशापर्यंत त्यानं तिची लोकर कापली होती. अलीकडे कळपच्या कळप त्याच्या हाताखालून गेलेला आहे. खरं काय ते वहिनींना माहीत आहे: मेंढी धरली होती आणि ती पळाली. मेंढ्यांशी त्याचं नातं तरीही कायम आहे. आमच्या जवळच्या माळरानावर कळप चरायला येतो तेव्हा तो सायकल आडवी टाकून त्यांच्यापुढे वाजवत बसतो. पहिल्या सुरालाच मेंढ्या चरणं थांबवतात आणि दुसऱ्या सुराला टेकाडापलीकडे निघून जातात. "या डच मेंढ्या," असं म्हणून तो भाता मिटतो.

या संगीतात ताल धरायला एक काठी लागते. झाडूच्या दांड्यासारख्या त्या काठीला बियरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं सैलसर ठोकलेली असतात. जमिनीवर आपटली की घुंगरांसारखी छनछनतात. दादा थेंबभरही घेत नाही, त्यामुळे बुचांची पंचाईत. मग तो सकाळी ऑफिसला जाता जाता बारच्या दारात सायकल थांबवून रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांतून बुचं वेचू लागला. आमच्याकडच्याच कुणाच्या तरी पाहुण्या आलेल्या सासूबाईंनी त्याला सकाळी आठ वाजता, बारच्या पायरीवर ओणवा, खिसे भरून छनछनत असलेला पाहिला. ती बातमी दादा ऑफिसला पोचायच्या आधी पुण्याला पोचली. माझ्या सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणून बायकोला फोन केला, की तिकडे थंडी फार असते हे मला समजतं गं, पण सकाळी सकाळी? शेवटी दादानं व्हिडिओवर आईला ती काठी दाखवली, खुलासा केला, आणि खात्री पटावी म्हणून चांगली पाच मिनिटं आपटून दाखवली. सासूबाईंनी ती पाचही मिनिटं पाहिली. मग म्हणाल्या, "पीत असतास तर औषध तरी होतं."

तर अशी सगळी तयारी झाल्यावर दादानं बेस्टच्या आपल्या घरामागच्या अंगणात, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी, बुशची मैफल सुरू केली. सुरुवातीला आम्ही चौघंच असायचो: वाजवायला दादा, काठी आपटायला मी, ऐकायला माझी बायको आणि खायला वहिनींनी केलेलं काहीतरी. ते खाणं होतं म्हणून मैफल टिकली, हे मी वहिनींसमोर अनेकदा कबूल केलेलं आहे. पुण्यात त्या बँकेत होत्या. इथं नवऱ्यामागून आल्यावर पहिली काही वर्षं त्यांचा दिवस खिडकीशी जायचा, आणि आता त्या घरगुती डबे करून देतात. मैफलीबद्दल त्यांचं मत विचारलं की त्या फक्त "भजी गार होतायत" एवढंच म्हणायच्या.

त्या मैफलीत चहासुद्धा बुशच्याच पद्धतीचा हवा, असं एका रविवारी दादानं ठरवलं. तिकडे पत्र्याच्या डब्यात, लाकडांवर चहा उकळतात आणि मग डब्याची कडी धरून तो हात लांब करून गरागरा फिरवतात. दादानं आलं, साखर, दूध घालून आपला नेहमीचा चहा उकळला आणि आम्हाला मागे सरकायला सांगून डबा फिरवला. दोन फेऱ्या छान झाल्या. तिसऱ्या फेरीत झाकण उडालं आणि त्यामागून सगळा चहा कुंपण ओलांडून शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर गेला. शेजारी एकट्याच राहणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या एक डच बाई होत्या. इतक्या वर्षांत त्यांचा आणि दादाचा संबंध मान हलवण्यापलीकडे गेला नव्हता. बाई बाहेर आल्या. त्यांनी चादरीकडे पाहिलं, दादाच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, आणि आम्ही डचमध्ये माफी कशी मागायची याची जुळवाजुळव करत असताना त्या इंग्रजीत म्हणाल्या, "दूध घालून फिरवत नाहीत. फिरवतात ते पत्ती तळाशी बसावी म्हणून."

ते इंग्रजी डच वळणाचं नव्हतं, दादाच्या त्या शेडमधलं होतं. रीट त्यांचं नाव. लहान असताना आईवडिलांबरोबर बोटीनं ऑस्ट्रेलियाला गेलेल्या. इथून तेव्हा पुष्कळ कुटुंबं नशीब काढायला गेली, त्यांतलं हे एक. बुशमधल्याच एका वस्तीवर त्या वाढल्या, तिथंच नाचायला शिकल्या, आणि पुढे आई आजारी पडून मायदेशी परत यायचं म्हणाली तेव्हा तिच्याबरोबर आल्या त्या कायमच्याच. इथं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला. दादानं त्यांना अंगणातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली आणि दुसऱ्या मिनिटापासून दोघं भांडू लागले. रीटआजींचं म्हणणं, दादा असा वाजवतो जणू त्याची गाडी चुकतेय. दादाचं म्हणणं, त्यांच्या वस्तीवरची माणसं बहुधा चिखलात नाचत असावीत. त्या पुढच्या मैफलीला आल्या आणि तिच्याही पुढच्या. आम्हाला समोरासमोर दोन रांगांत उभं करून त्या खुर्चीतून नाचाचे हुकूम सोडायच्या, कोण कुणाचा हात धरणार, कोण कुठून वळणार, आणि दादाचा वेग फार वाढला की हातातल्या चमच्यानं कपावर टकटक करायच्या. तो चक्क ऐकायचा. आईचं, बायकोचं आणि मॅनेजरचं न ऐकलेला हा माणूस कपावरच्या टकटकीला दबायला लागला. हळूहळू मैफलीला दहा-पंधरा माणसं येऊ लागली आणि वहिनी भजी ठेवून आजींच्या शेजारी येऊन बसू लागल्या.

मग दादानं मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात बुशडान्स करायचं ठरवलं. अध्यक्षांना गणपतीची आरती आठवत होती, त्यामुळे त्यांनी लावणी आणि जेवण यांच्या मधली दहा मिनिटं देऊ केली, आणि तीही जेवण वेळेवर तयार नसेल तरच. नशिबानं पुऱ्यांना उशीर झाला. पैठण्या आणि झब्बे यांच्या दोन लांब रांगा झाल्या. एका रांगेच्या टोकाला स्वतः अध्यक्षांना उभं करण्यात आलं. रीटआजी स्टेजवर खुर्चीत, माइक हातात. त्यांचे ऑस्ट्रेलियन इंग्रजीतले हुकूम कुणाला कळेनात, म्हणून वहिनी उठल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून मराठीत सांगू लागल्या: उजवा हात द्या, गिरकी घ्या, आता कमान करा. त्यांचा इतका खणखणीत आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. दादानं डोळे मिटले आणि सुटला.

पुढचा हुकूम होता की टोकाच्या जोडीनं रांगेच्या बाहेरून वळून मागे यायचं आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागे जायचं. वहिनी म्हणाल्या, "बाहेरून!" गोंगाटात अध्यक्षांना "बाहेर" एवढंच ऐकू आलं. शिस्तीचा माणूस. ते दार उघडून बाहेर गेले. त्यांच्यामागे त्यांची रांग गेली, आणि ती गेली म्हणून दुसरीही गेली. मी काठी आपटत होतो, थांबावं की न थांबावं कळेना. दादानं डोळे उघडले तेव्हा समोर रिकामा हॉल होता. त्याची बोटं थांबली. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, लोकांचं हसणं त्यानं कधी अंगाला लावून घेतलं नाही. पण त्या क्षणी त्यानं माझ्याकडे पाहिलं ते एखाद्या लहान मुलासारखं, आणि हळूच विचारलं, "गेले?"

रीटआजी माइकमध्ये हसत होत्या. सबंध हॉलभर त्यांचं हसणं घुमत होतं. त्यांनी हातानंच दादाला वाजवत राहा म्हणून खुणावलं. तो वाजवू लागला, आणि मागच्या दारानं आधी अध्यक्ष, मग पैठण्या, मग झब्बे आणि त्यांच्या मागोमाग शेजारच्या खोलीत पत्ते खेळत बसलेली डझनभर डच म्हातारी माणसं, एकमेकांचे हात धरून आत आली. त्यांच्या खोलीतून एवढी वरात गेल्यावर त्यांनी पानं टाकून दिली होती. दहा मिनिटांचा कार्यक्रम पुऱ्या गार होईपर्यंत चालला. जेवताना अध्यक्ष सगळ्यांना सांगत होते की बाहेर जायची कल्पना मूळ त्यांची.

त्या हिवाळ्यात रीटआजी गेल्या. सर्दी झाली, ती छातीत उतरली, आणि जानेवारी संपायच्या आत सगळं संपलं. वहिनी शेवटपर्यंत सूप घेऊन जात होत्या. शेजारी म्हणून दादा-वहिनींना निरोपाच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं, त्यांच्याबरोबर मीही गेलो. दादानं कॉन्सर्टिना पिशवीत घालून नेली होती. वाजवा असं कुणी म्हणालं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. पिशवी मांडीवर ठेवून तो शेवटच्या रांगेत बसून राहिला. नंतर कॉफी घेताना आजींचा मुलगा सगळ्यांशी हात मिळवत आमच्यापर्यंत आला. साठीचा, उंच, उत्तरेकडे राहणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पिशवीत काय आहे विचारलं. दादानं सांगितलं, की कॉन्सर्टिना, हिच्यावर तुमची आई आम्हाला नाचवायची. त्या माणसाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. आई ऑस्ट्रेलियाचं नाव घरात कधी काढत नसे, त्यानं सांगितलं. वडिलांना आवडायचं नाही, मग तशीच सवय पडून गेली.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मैफलीत वाजवायचं कुणाच्या मनात नव्हतं. थंडी होती म्हणून आम्ही सगळे दादाच्या दिवाणखान्यातच चहा घेत बसलो होतो. बेल वाजली. दारात तो मुलगा होता. आईचं घर आवरायला आलो होतो, पाच मिनिटं बसू का, म्हणाला. वहिनींनी खुर्ची दिली. तो तिच्या कडेवर, कोट न काढताच बसला, आणि आई इथं येऊन काय करायची ते त्यानं विचारलं. दादा सांगू लागला. मला वाटलं आता चादरींच्या जागी तंबू होणार, पत्तेवाले शंभर होणार. पण त्यानं जेवढं झालं होतं तेवढंच सांगितलं, हळूहळू, एकेक आठवून. मुलगा ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यानं खाली बघत विचारलं, "ती हसायची?"

दादानं हातातला कप खाली ठेवला.

"रोजचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "रविवारी हसायची."

मुलानं मान हलवली. मग तो उठला, त्यानं कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, आणि पुन्हा नीट मागे टेकून बसला.